नीतूचे दोन आबाजी

दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेतल्या नाटकात खलनायकाला टाळ्यांची आस नसते. बायांनी त्याच्या नावाने कडाकडा बोटे मोडली की त्याचे काम उत्तम झाले, असे आमच्या कारध्यात मानतात. यंदाचे नाटक मी लिहिले होते आणि त्यातला क्रूर जमीनदार उभा केला होता मासेमारी करणाऱ्या मुरारीने. विधवेच्या कडेवरचे कापडी मूल हिसकावून तो हसला, तेव्हा पुढच्या रांगांतून बोटे वाजली. विंगेत संहिता धरून बसलेला मी सुखावलो. त्याच क्षणी त्याची चार वर्षांची नात नीतू किंचाळून आजीच्या पदराआड शिरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वैनगंगेच्या काठी गेलो. मुरारी आपल्या डोंग्याची, लहानशा होडीची, दोरी धरून उभा होता. रोज त्याच्याआधी डोंग्यात चढणारी नीतू आज आजीला, बायाबाईला, घट्ट बिलगली होती.

"चाल व माय, पानी वाट पाहून राहिलं," तो म्हणाला.

"नाई येत. तू लेकरं हिसकतोस."

"सांगा ना जी तिले, तो दुसरा मानूस होता, गेला आपल्या गावाले," बायाबाई नवऱ्यावर करवादली. "एवढे मोठे नट, अन् घरात एक लबाडी नाई जमत?"

मीही मान डोलावली. त्या घडीला ते खोटेच मला दयाळू वाटले.

मुरारी ओल्या वाळूवर बसला. फाटके जाळे मांडीवर ओढून माझ्याकडे न पाहताच म्हणाला, "कसा बोलू लबाड, सुगतबाबू? तू त्याले कागदावर लिवलं, पन त्याचं हासनं कागदावर नोहतं. ते मले माह्याच पोटात सापडलं. अन् हासताना मजा बी आली."

नाटकातले सारे भले लोक मी खोडत, चाचरत लिहिले होते. जमीनदाराचे संवाद मात्र एका दमात उतरले होते.

"तो मीच होतो, नीतू," मुरारी म्हणाला.

नीतूने पदराआडून डोके काढले. "अन् आबाजी कुठं होता तवा?"

"तितंच. त्याच आंगात."

ती बराच वेळ त्याला न्याहाळत राहिली. मग हुकूम सुटला, "हासून दाखव."

तो कचरला; पण हसला. कोवळ्या उन्हात ते हसू अधिकच उघडे वाटले. नीतू दचकली, तरी पळाली नाही. उलट कमरेवर हात ठेवून तिने स्वतःच असे काही विक्राळ हसून घेतले की काठावरचे बगळे उडाले. तिने झडप घालून त्याच्या मांडीवरचे जाळे हिसकावले.

"हे माह्यं! रड आता."

मुरारी कपाळाला हात लावून त्या विधवेसारखा विव्हळू लागला. बायाबाईला हसू आवरेना.

नीतूचा चेहरा हळूहळू उतरला. हातातल्या जाळ्याकडे तिने असे पाहिले, जणू ते दुसऱ्याच कोणाच्या हातात होते. मग ते तिने त्याच्या मांडीवर परत ठेवले, फ्रॉकच्या टोकाने त्याचे कोरडे डोळे पुसले आणि डोंग्यात जाऊन बसली.

"आता भेव नाई लागत?" त्याने विचारले.

"लागते थोडं."

"मले बी," मुरारी म्हणाला आणि त्याने डोंगा पाण्यात लोटला.