तंबाखू नव्हे, मिश्री

सोजरबाईला एका जागी बसणं जन्मात जमलं नव्हतं, आणि इथे सोलापूरच्या दवाखान्यात तिला खाटेवर आडवं करून ठेवलेलं. डाव्या हाताला सलाईन, उजव्या हाताची बोटं कापसात गुंडाळलेली. ती उठायची, बसायची, खिडकीकडे निघायची आणि नळी ताणली की शिव्या घालत परत फिरायची. शेजारच्या खाटेवरची बजाबाई शेवटी म्हणाली, "बाई, तुमच्याकडं बघून मला चक्कर याया लागली. जरा टेका की."

टेकणार कशी? जीव त्या बोटांत अडकलेला. गावाकडे, वळसंगात, सोजरबाईच्या कडक भाकरीला तोड नव्हती. ज्वारीची, पापडासारखी पातळ, महिना झाला तरी खुसखुशीत. सोलापूरचे दुकानदार माणूस पाठवून भाकरी नेत. यंदाच्या थंडीत पीठ मळताना तिची बोटं पांढरीफटक पडायला लागली, मग निळी, आणि मधल्या बोटाचं टोक तर काळंच झालं. ठणका असा, की भल्या दांडग्या बाईच्या डोळ्यांतून पाणी यायचं.

डॉक्टरीण वैदेहीने आल्या आल्या विचारलं होतं, "मावशी, तंबाखू खाता? विडी ओढता?"

"मी काय गडीमाणूस हाय व्हय तंबाखू मळाया?" सोजरबाई भडकली. सून रेश्मा मागे उभी होती, तिनेही साक्ष दिली की आत्यांना सुपारीच्या खांडाचंसुद्धा व्यसन नाही.

दोघी खोटं बोलत नव्हत्या बरं का. तंबाखू म्हणजे पुरुषांनी पारावर बसून मळायची आणि भिंती रंगवायच्या. बायका लावतात ती मिश्री. तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरून डबीत भरायची आणि सकाळी बोटावर घेऊन दाताला चोळायची. त्याशिवाय पोट साफ होत नाही, डोकं जाग्यावर येत नाही. ते दात घासणं झालं, त्याला व्यसन कोण म्हणणार?

तेव्हा रेश्मा लेक संस्कृतीला शाळेला धाडून रोज सकाळच्या एसटीने भाकरी-भाजी आणायची, आणि त्यासोबत मिश्रीची डबीही आणायची. सासूची सेवाच ती. मग डॉक्टरीण तपासायला यायची तर बोटं थंडगार. सलाईन लावलं की दुपारी बोटांत ऊब यायची, ठणका उतरायचा, सोजरबाई सगळ्या वॉर्डाच्या चौकशा करायची. दुसऱ्या सकाळी पुन्हा ये रे माझ्या मागल्या. वैदेही चक्रावली. औषध बदललं, तरी तेच. शेवटी तिने स्पष्ट सांगितलं, "मधल्या बोटाचं टोक वाचणार नाही. पण हे असंच चाललं तर तीन बोटं काढावी लागतील."

तीन बोटं गेल्यावर भाकरी थापायची कशाने?

दुसऱ्या दिवशी वैदेही जरा लवकरच आली. सोजरबाई बेसिनपाशी उभी, दात काळेकुट्ट, बोट तोंडात.

"हे काय मावशी?"

"मिश्री की."

"कशाची करतात ही?"

सोजरबाई उत्तर द्यायला गेली आणि थबकली. तंबाखूची पुडी बाजारातून तीच आणायची. तव्यावर टाकताना ठसका लागायचा तोही तिलाच. एवढ्या वर्षांत ते नाव तिच्या तोंडी आलं नव्हतं, एवढंच.

वैदेहीला आधी राग आला, मग ती खाटेवरच बसली. "मावशी, रक्ताची नळी म्हणजे नुसता पाइप नसतो. तिच्या भिंतीत मांस असतं, स्नायू. दंडाचा स्नायू तुमचं ऐकतो, हात वळव म्हटलं की वळवतो. हा तुमचं ऐकत नाही. तो थंडीचं ऐकतो, भीतीचं ऐकतो आणि तंबाखूचं तर लगेच. चंचीची दोरी ओढल्यावर तोंड कसं आवळतं, तसा तो नळी आवळतो. रक्त पुढं जाणार कुठून? मी दिवसभर औषध घालून त्याला सैल करते आणि तुम्ही सकाळी उठून पुन्हा आवळता. आजपासून हे बंद." डबी तिने स्वतःच उचलून नेली.

बंद म्हणणं सोपं आहे हो. दुपारपर्यंत सोजरबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. हिरड्या शिवशिवायला लागल्या, डोकं भणभणलं, नर्स बोलली तरी तिच्या अंगावर जावंसं वाटू लागलं. ती रात्र तिने कूस बदलत काढली. सकाळी बजाबाईला दया आली. कागदात चिमूटभर मिश्री बांधून तिने ती सोजरबाईच्या हातात कोंबली. "एवढ्याशानं काय व्हतंय?"

सोजरबाईने मूठ आवळली. आज एकदाच, उद्यापासून सोडू. आणि गेली बोटं तर गेली, दुसऱ्या हाताने थापीन. मन असं काहीबाही बोलत होतं आणि तिला ते सगळं पटत होतं. तेवढ्यात रेश्मा आली, नेहमीपेक्षा उशिरा.

"एसटी चुकली व्हय?"

"न्हाय आत्या. संस्कृतीनं लई रडारड केली. दाढ दुखतीय तिची, साळंला बी गेली न्हाय."

"मग काय केलंस?"

"मिश्री लावली की. तुमीच लावायचा न्हवं तिला? आता तर दुखो न दुखो, रोज सकाळी मागती."

सोजरबाई खाटेवर बसली ती बसलीच. नात आठ वर्षांची. दाढ पहिल्यांदा दुखली तेव्हा तिला मांडीवर घेऊन स्वतःच्या बोटाने मिश्री चोळली होती ती हिनेच. पोर शांत झोपली म्हणून केवढं कौतुक वाटलं होतं. आता आपलं थोबाड फोडून घ्यावं असं तिला वाटलं.

"फोन लाव घरी."

संस्कृतीनेच फोन घेतला. सोजरबाई म्हणाली, "बाळा, घरातली मिश्रीची डबी घे आन् न्हाणीत वत. पुन्यांदा लावायची न्हाय. ती वाईट हाय."

"उद्यापासनं सोडू का आजी?"

सोजरबाई उठून बेसिनपाशी गेली. "न्हाय. आत्ताच. मी बी हितं सोडते. फोन ठिवू नगं." तिने कागद बेसिनमध्ये रिकामा केला आणि डाव्या हाताने नळ सोडला. तिकडे वळसंगात न्हाणीत पाणी ओतल्याचा आवाज आला.

मग पोरगी रडवेल्या आवाजात म्हणाली, "आजी, मला कसंतरीच व्हतंय. बसवतच न्हाय."

पोरीला काय होतंय ते सोजरबाईला कुणी सांगायला नको होतं, कालपासून तिलाही तेच होत होतं. ती फोन कानाला धरून उभीच राहिली.