मशीनमधले चेहरे आणि दात

गावातली कितीतरी माणसं त्याने घडवलेल्या दातांनी जेवत होती, पण त्यातल्या एकाच्याही नजरेला त्याने नजर भिडवली नव्हती. कवळ्या घडवणं हे त्याचं काम. दंतवैद्याकडून जबड्याचा ठसा यायचा, तो त्यात प्लास्टर ओतायचा, मेणाच्या हिरडीवर एकेक दात बसवायचा आणि माणसाची गाठ न पडताच काम फत्ते. चारचौघांत मात्र त्याचे कान तापायचे, तळवे भिजायचे आणि तोंडातून शब्द फुटायचा नाही. दुकानात साबण मागायचा असला तरी बायको पुढे.

"लग्नाला होकारसुद्धा मीच दिला, दोघांच्या वतीने," ती सांगायची. त्यावर तोही खदखदून हसायचा. घरात.

पण आता गाठ भिंगरीशी होती. भिंगरी म्हणजे त्यांची आठ वर्षांची लेक, एका जागी क्षणभर टिकेल तर शपथ. वर्षाच्या शेवटी तिच्या वर्गात आईबाबा येऊन आपापलं काम मुलांना समजावून सांगत. भिंगरीने बाईंना परस्पर कळवून टाकलं होतं, "माझे बाबा दात बनवतात. ते येणार आहेत."

"येशील ना, बाबा?"

तो "हो" म्हणाला आणि त्या घटकेपासून दिवस मोजू लागला. म्हणूनच तो, बायकोचा हात धरून का होईना, रुग्णालयात जाऊन पोचला.

तिथल्या डॉक्टरबाईंचा एक अभ्यास चालू होता. "माणसांची भीती घालवायला दोन वाटा आहेत," त्यांनी समजावलं. "एक गोळ्यांची, दुसरी बोलण्याची आणि सरावाची. कोणाला कुठली मानवेल ते आधी कळत नाही, आणि चुकीच्या वाटेवर महिने वाया जातात. म्हणून रागावलेले चेहरे बघताना तुमचा मेंदू किती खडबडून जागा होतो, ते आम्ही मशीनवर पाहतो. खूप जागा झाला, तर आधी सराव. फारसा हलला नाही, तर आधी गोळ्या. हा अंदाज आहे हं, भविष्य नाही. तो खरा ठरतो का, तेच तर शोधतोय."

त्याने मनातल्या मनात गोळ्यांना मत देऊन टाकलं. गोळीला तोंड उघडायचं, गिळायचं, मिटायचं. बोलावं लागत नाही.

किल्ल्या, पट्टा, घड्याळ बाहेर ठेवून तो मशीनच्या अरुंद बोगद्यात आडवा झाला. डोक्याभोवती पिंजरा, कानांत बोळे, तरीही मशीनची ठकठक आणि घरघर पोचतच होती. डोळ्यांवरच्या आरशात एकामागून एक चेहरे येऊ लागले, भुवया चढवलेले, दातओठ खाणारे. आणि गंमत म्हणजे त्याला मुळीच भीती वाटली नाही. उलट वेळ मजेत गेला.

निकालाच्या दिवशी डॉक्टरबाईंनी पडद्यावर चित्र दाखवलं. करड्या मेंदूवर रंगाचे जेमतेम दोन-चार ठिपके.

"तुमचा मेंदू तर दुपारी जेवून पहुडल्यासारखा! चला, गोळ्यांनी सुरुवात करू."

हवं तेच मिळालं होतं. पण तो त्या चित्राकडे बघतच राहिला. इतका निवांत मेंदू आपला? साबण मागताना घाम फुटतो त्या माणसाचा? मग ते चेहरे त्याला आठवले आणि चूक ध्यानात आली. गप्प बसलो तर गोळ्या मिळतील, त्याने विचार केला, पण वाट चुकली तर वर्ष संपेल आणि भिंगरी वर्गाच्या दाराकडे बघत बसेल.

"काय झालं? सांगू का मी काही?" बायकोने सवयीने विचारलं. पण हे तिलाही ठाऊक नव्हतं.

"ते चेहरे..." तो टेबलाला उद्देशून म्हणाला, "मी पाहिलेच नाहीत."

"डोळे मिटले होते?"

"नाही. दात पाहिले."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं.

"तो टकलू माणूस आहे ना, त्याची वरची कवळी ढिली आहे. आणि कुरळ्या केसांच्या बाईंचा पुढचा दात बसवलेला आहे. रंग जुळला नाही."

बायकोला हसू आवरेना. डॉक्टरबाईंनी तर चष्मा काढून डोळे पुसले. "तरीच! अहो, तुम्ही भीतीला दारातच अडवलंत!"

"घरीही हेच," बायको म्हणाली. "शेजाऱ्यांना हे नावाने नाही, सुळ्यांवरून ओळखतात. पण काय हो, आज माझ्याशिवाय बोललात की!"

मशीनची दुसरी फेरी ठरली. या वेळी चेहरा आपल्याकडे बघतोय की बाजूला, ते बटण दाबून सांगायचं होतं. डोळ्यांत बघण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तो घामाने निथळत बाहेर आला, आणि पडद्यावर मात्र रंगच रंग.

"आता कसं!" डॉक्टरबाई खूश झाल्या.

"नवरा घाबरला म्हणून टाळ्या वाजवणाऱ्या तुम्हीच पहिल्या," बायको म्हणाली.

सराव सुरू झाला. कामं एकापेक्षा एक अचाट. रेल्वे स्टेशनच्या पाटीखाली उभं राहून स्टेशन कुठे आहे ते विचारायचं. दुकानाच्या रांगेत चमच्यांचा डबा मुद्दाम पाडायचा. चमचे खणखणले तेव्हा त्याला वाटलं, धरणी दुभंगेल तर बरं. पण रांगेतल्या आजोबांनी वाकून चमचे गोळा करून दिले आणि विचारलं, "मेजवानी आहे का कुठे?" तो चक्क हसला. अवघड दिवसही आले, एकदा तर तो अर्ध्या वाटेवरून परतला. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. हळूहळू साबण त्याचा तोच आणू लागला. "माझी नोकरी गेली बाई," बायको शेजारणीला सांगे.

आणि तो दिवस उजाडला. टेबलावर प्लास्टरचा जबडा, मेण, दातांची डबी. समोर वर्गभर मुलं. तळवे भिजले, कान तापले. त्याने मान वर केली आणि पहिल्या बाकावरच्या लेकीच्या डोळ्यांत पाहिलं. भिंगरी कधी नव्हे ती स्थिर बसली होती, आ वासून.

"कोणाकोणाचा दात हलतोय?" त्याने विचारलं.

हातांचं जंगल उभं राहिलं. मग काय! ज्याने त्याने मेणात दात बसवून पाहिला. कोणाचा उलटा, कोणाचा तिरका.

"माझ्या आजोबांची कवळी पेल्यात असते," एक मुलगी म्हणाली. "ती तिथे एकटीच हसते का?"

"नाही गं. तिला हसायला आजोबा लागतात."

घंटा झाली तरी मुलं हलेनात.

घरी जाताना भिंगरी मात्र फुरंगटली होती. फाटकाशी थांबून तिने मूठ उघडली. तळहातावर इवलासा दात.

"अरे! कधी पडला?"

"तू बोलत होतास तेव्हाच! मी कधीपासून आ करून दाखवत होते. तू दातांचा माणूस ना? तुला दिसलंच नाही?"

"नाही दिसलं," तो म्हणाला. "मी तुझे डोळे बघत होतो."

भिंगरीने क्षणभर विचार केला, आणि मग खिंडार दाखवत अशी हसली की रस्त्यावरची माणसं वळून बघू लागली. त्याने त्यांच्याकडेही बघून हात हलवला.