पुठ्ठ्याचं इंजिन

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. छोटी, बुटकी, मागचं दार वर उघडणारी. रंग कधीकाळी पिवळा होता, आता मलाही छातीठोक सांगता यायचं नाही. खोकी बनवायच्या एका कारखान्यात, मागच्या भिंतीला लागून उभी आहे. बॉनेट काढून ठेवलंय, पोटात इंजिन नाही. असं का, ते सांगते. बसा आत. सीट फाटलीय, स्प्रिंग टोचेल, जरा सांभाळून.

जन्म माझा मोठ्या कारखान्यातला. पत्रा दाबला, जोडला, रंगवला, आणि बाहेर आले तेव्हा माझ्यासारख्याच बहिणींची ही मोठी रांग. मग ज्याचं त्याचं नशीब. कुणाला डॉक्टर मिळाला, कुणाला मास्तर. मला मिळाले खोकेवाले.

खोकेवाले म्हणजे पुठ्ठ्याची खोकी बनवणारे. बुटांची, बल्बची, औषधाच्या बाटल्यांची. मागची सीट आडवी पाडून माझ्यात इतकी खोकी कोंबायचे की आरशात मागचं काही दिसायचं नाही. बायको म्हणायची, "अहो, मला बसायला जागा ठेवलीय, का मलाही घडी घालून ठेवताय?"

"तुझ्या मापाचं खोकं अजून निघालं नाही," ते म्हणायचे.

मग ती दार असं आपटायची की माझ्या काचा थरथरायच्या. पण बसायची.

चांगले दिवस होते. लेक लहान असताना खोक्यांवरच झोपून जायची. चढावर मी भरल्या पोटी ट्रकला मागे टाकलंय, खोटं नाही सांगत. वर पोचलो की खोकेवाले माझ्या बॉनेटवर थाप मारायचे, "शाब्बास गं." गाडीला आणखी काय लागतं?

मग त्यांना झटका आला. अर्धांगाचा. जीव वाचला, तोंड तर आधीपेक्षा जास्त चालायला लागलं, पण डावा पाय गेला. आणि क्लच डाव्या पायाचा. एकदा हट्टाला पेटून बसले माझ्यात. डावा पाय हातानं उचलून क्लचवर ठेवला. दाबला गेला कसाबसा, सुटला मात्र धाडकन. मी दोन गचके खाल्ले आणि फाटकातच बंद पडले. निम्मी आत, निम्मी रस्त्यावर. मागे हॉर्न वाजायला लागले. लेकीनं आणि दोन कामगारांनी मला ढकलत आत आणलं. खोकेवाले स्टिअरिंग धरून बसून होते. उतरायला तयार नव्हते.

त्यानंतर माल भाड्याच्या टेम्पोतून जायला लागला. खोकेवालेही कुठं जायचं असलं की कुणी नेलं तरच जायचे. मी उभी. बॅटरी मेली, टायर बसले, टपावर पुठ्ठ्याचे गठ्ठे चढले. एक मांजर माझ्या डिकीत बाळंत झालं. तेवढीच सोबत.

मग एक दिवस लेक म्हणाली, "बाबा, हिच्यात नवं इंजिन बसवू. आत्ताच्या गाडीचं, ऑटोमॅटिक. डाव्या पायाला कामच नाही."

"हिच्यात? त्यापेक्षा तयार गाडी मिळते की."

"मिळते. तुम्ही बसाल तीत?"

त्यांनी माझ्या बॉनेटवर हात ठेवला. मग म्हणाले, "मला स्वतः चालवायचंय गं. कुणी उचललं, कुणी उतरवलं, म्हणजे मीपण मालच झालो की."

झालं, ठरलं. फरशीवर खडूनं आखणी सुरू झाली. इंजिन इथं, रेडिएटर पुढं, वायरिंग सगळं नवीन, गंजलेला पत्रा बदलायचा, रंग पिवळाच. बाप-लेक कचाकचा भांडायचे आणि चहा प्यायले की परत आखायचे. माझं जुनं इंजिन काढून गोणपाटावर ठेवलं. आपलंच काळीज जमिनीवर पडलेलं बघायचं म्हणजे काय, ते तुम्हाला नाही कळायचं, आणि कळूही नये. पण खोकेवाले पुन्हा शीळ घालायला लागले होते. म्हटलं, जाऊ दे काळीज.

नवं इंजिन एका अपघातात चेपलेल्या गाडीत होतं. ती गाडी दूर एका भंगाराच्या यार्डात. इंजिन उतरवून इकडे यायला वेळ होता. म्हणून खोकेवाले लेकीबरोबर तिथं जाऊन मापं घेऊन आले आणि आल्या आल्या, जागेत बसतंय का ते आधीच बघायला, पुठ्ठ्याचं इंजिन करायला बसले. गिअरबॉक्ससकट. पुली, पंखा, नळ्या, सगळं पुठ्ठ्याचं. बायको दारात उभी राहून म्हणाली, "लग्नात माझ्याकडेसुद्धा इतकं निरखून बघितलं नव्हतं."

ते पुठ्ठ्याचं इंजिन माझ्यात उतरवलं, ते अडलं. बॉनेटखाली दोन्ही बाजूंना जाड पोलादी दांडे असतात. गाडीचं सगळं तोंड त्यांच्यावर तोललेलं असतं. त्यातल्या उजव्या दांड्यावर ते टेकलं. थोडक्यासाठी, पण बसेना.

वेल्डरला बोलावलं. तो म्हणाला, "काका, खरं इंजिन येऊ दे. मग बघू कुठं काय कापायचं."

"तू उद्या बाहेरगावी चाललास. परत कधी येणार?"

"महिना-दोन महिने लागतील."

"म्हणजे तोवर मी असाच बसून राहू?"

वेल्डरनं लेकीकडे बघितलं. "ताई, माप नक्की आहे ना?"

खोकेवाल्यांचा चेहराच पडला. "अरे, हयात मापं घेण्यात गेली माझी. एक खोकं परत आलं नाही कधी."

खरंच आलं नव्हतं. लेक म्हणाली, "काप."

कापलं. दुखलं का म्हणून विचारू नका. कापल्यावर कळलं की दांडा आतून गंजानं पोखरलाय. अखंड होता तोवर कसाबसा तग धरून उभा होता. आता नवा तुकडा जोडायचा तर टाका धरायला धड पत्राच नव्हता. तरी वेल्डरनं चिकटवाचिकटवी केली आणि गेला.

मग खरं इंजिन आलं. साखळीनं टांगून हळूहळू माझ्यात सोडलं. अलगद बसलं. अडलं नाही, घासलं नाही. लेक खूष होऊन वाकली, आणि वाकलेलीच राहिली. उजव्या बाजूला, जिथं पूर्वी दांड्याची कड होती, तिथपर्यंतसुद्धा इंजिन पोचत नव्हतं. चांगली बोटभर जागा सुटत होती. कापायची गरजच नव्हती.

काय झालं होतं, सांगते. खोक्याचं माप घेणारा माणूस मालाच्या मापाचं खोकं कधी करत नाही. चारी बाजूंनी बोटभर सैल धरतो, म्हणजे माल आत जातो, बाहेर येतो, कोपरे फाटत नाहीत. हे तो ठरवून करत नाही, हातच करतो. खोकेवाल्यांच्या हातानं इंजिन केलंच नव्हतं. इंजिनाचं खोकं केलं होतं.

ते काठी टेकत आले. त्यांनी त्या फटीत बोट घातलं. आत-बाहेर केलं.

"मी सैल धरलं गं," ते म्हणाले.

"नाही हो बाबा. त्या यार्डवाल्यानंच दुसरं पाठवलं असेल. लहान साइझचं."

"असेल," ते म्हणाले. लेकीचं मन राखायला.

वेल्डर परत आल्यावर त्यानं दांड्याला नुसता हातोडा लावला. टाका सुटला. म्हणाला, "काका, ही रस्त्यावर न्यायची नाही. एक खड्डा पुरे आहे. तुम्हाला बसवून मी पाठवणार नाही." नवं इंजिन परत गेलं. जुनं भंगारात गेलं. पुठ्ठ्याचं तेवढं माझ्या पोटात ठेवलंय, कुणाला टाकवत नाही.

लेक म्हणाली, "बाबा, तयार ऑटोमॅटिक बघू."

"नको. ज्याचं माप चुकतं, त्यानं गाडी चालवू नये. फाटकातून काढताना अंदाज चुकला तर?"

"एकदाच तर चुकलं."

"एकदाच कळलं," ते म्हणाले.

आता ते कारखान्यात येतात, खुर्चीवर बसतात. गिऱ्हाईक वस्तू पुढं ठेवतं, तेव्हा खोकेवाले तिला हात लावत नाहीत. "लेकीला विचारा," म्हणतात. शीळ बंद आहे. बायकोसुद्धा टोमणे मारायची थांबलीय. ते मला सगळ्यात वाईट वाटतं.

तर मित्रांनो, जुन्या गाडीला नवं इंजिन घालायचं असेल तर खुशाल घाला. आमचा राग नाही. फक्त खरं इंजिन आणून शेजारी ठेवा, मगच कटर उचला. आतला गंज आधी ठोकून बघा. मला कापलं त्याचं मी धरून बसलेले नाही, मी पत्रा आहे.

पण परवा सकाळी खोकेवाल्यांनी खिशातली मापाची टेप काढून लेकीसमोर धरली. तिच्याकडे ऑर्डर खोळंबली होती. तिनं ती घेतली आणि मशीनकडे गेली. ते बराच वेळ तसाच हात पुढं करून बसले होते. तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस अशी टेप पुढं करेल ना, तर घेऊ नका. कितीही घाई असली तरी घेऊ नका.