ठिणगी पाहून टाळ्या वाजवणारे

मी रंग फवारणारी बंदूक बोलतेय. घाबरू नका, गोळ्या नाहीत माझ्यात. मी रंगाच्या थेंबांत वीज भरते. मग ते न बोलावलेल्या पाहुण्यांसारखे लोखंडाला चिकटून बसतात.

चिमालतेनांगो गावातल्या आमच्या कारखान्यात शाळांच्या म्हाताऱ्या बसगाड्या येतात आणि लाल-हिरव्या नटून, कपाळावर मालकाच्या लेकीचं नाव मिरवत निघतात. त्यांचे बंपर आणि टपावरचे कठडे बारा वर्षं मीच रंगवले. कौतुक मात्र गाडीचं!

रंगारी एलिओदोरो. हात सोन्याचा, डोकं रजेवर. रोज सकाळी माझं नाक बंपरजवळ न्यायचा. चट्! ठिणगी पडली की म्हणायचा, "जवान आहे अजून पोरगी!" त्याच्या उस्तादाचीही हीच रीत. शेजारी थिनरचा डबा उघडा. झाकण होतं की. त्यावर तो जेवणाच्या तोर्तिया, म्हणजे मक्याच्या पोळ्या, ठेवायचा.

त्या शुक्रवारी ठिणगी अंगठ्याएवढी पडली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या नाकात विजेला आवरणारा एक लहानसा भाग असतो, तो मेला होता. म्हणून वीज मोकाट सुटली होती. इकडे मी मरायला टेकलेली, आणि हे शहाणे माझ्या तारुण्यावर खूश!

बंदुका दुरुस्त करणारी दोन्या ओतिलिया, म्हणजे ओतिलियाबाई, तेवढ्यात फाटकातून आत आली. अडुसष्ट वर्षांची, शाळेचं तोंड न पाहिलेली. माहितीपुस्तकातली चित्रं बघून शिकलेली.

"ठेव ती खाली!"

"अहो दोन्या, रविवारी या एस्मेराल्दा बसला पाद्री आशीर्वाद देणार. कठडा बाकी आहे. फटाकेसुद्धा आणलेत!"

"मग तू कशाला पेटतोस? फटाके पुरेत!"

तिने वीज बंद केली, माझं नाक अर्थिंगच्या पट्टीला टेकवून उरलासुरला भार उतरवला. मला धुतलं, हवेने कोरडं केलं आणि थिनरच्या वाफेपासून लांब, अंगणातल्या आवोकादोच्या झाडाखाली नेलं. नाकातला तो भाग काढून तिने त्याला विजेचा अडथळा मोजणारा मेगर लावला. काटा थेट शून्यावर.

"बघ. विजेला अडवणारं कुणी उरलंच नाही. तुझी जवान पोरगी आज तुला जाळणार होती."

एलिओदोरो आत गेला. त्याने झाकणावरच्या तोर्तिया उचलल्या आणि डबा झाकला. बारा वर्षांत पहिल्यांदा.

कठडा कुंचल्यानेच रंगवला. ओघळ राहिले. फटाक्यांच्या धुरात ते बघायला कोणाला वेळ होता? पाद्र्याने पाणी शिंपडलं, एस्मेराल्दा रस्त्याला लागली, आणि एलिओदोरो दोन्ही भुवयांसकट हजर होता.

मी ओतिलियाच्या खणात उघडी पडून होते. काल राजधानीहून नवा भाग आला. मेगर तिने त्याच्याच हातात दिला. काटा हवा तिथे थांबला. त्याने मला जोडलं, उचललं, आणि सवयीने माझं नाक पुढे करून लोखंडी फाटकाकडे निघाला.

"एलिओदोरो!"

"नाही हो, दोन्या. नुसता दाखवत होतो हिला. फाटक."

तर बाबांनो, माझी तब्येत जरूर विचारा. पण माणूस जिवंत आहे का ते त्याला काडी लावून बघत नाहीत.