मदतनीसांच्या यादीत

मंगळवारी संध्याकाळी लिफ्टपाशी कल्पनाताईंनी मला गाठलं. बावधनच्या आमच्या सोसायटीत त्या नवव्या मजल्यावर राहतात.

"तुमच्याकडच्या हेमलता मावशींना दुपारी दोन तास जमेल का हो? अ‍ॅपवर हजेरी बघितली. एक खाडा नाही!"

हेमलता म्हणजे माझी आई. फाटकाच्या अ‍ॅपमध्ये तिचं नाव मीच घातलं होतं, 'घरकाम व मदतनीस' या यादीत. घरच्या माणसांची ये-जा अ‍ॅप कळवत नाही, मदतनीसांची कळवतं. आई माझ्या मुलाला, निषादला घेऊन खाली गेली, वर आली, की ऑफिसात माझा फोन वाजायचा. ही यादी सगळ्या सोसायटीला दिसते, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

"त्या आमच्याकडेच दिवसभर असतात," मी म्हणाले. माझी आई आहे, असं म्हणाले नाही.

निषादला कडेवर घेऊन आई मागेच उभी होती. कल्पनाताई तिला चेहऱ्याने ओळखत नव्हत्या. लिफ्टचं दार लागल्यावर ती म्हणाली, "अगं, पगार तरी विचारायचास." आणि हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

घरात शिरताना तिने विचारलं, "परवा गुरुवारी मी मालेला जाऊ? धोंडाबाईंच्या गौतमीच्या वर्गाला नकाशे काढायला शिकवते म्हटलंय."

धोंडाबाई माले गावाहून भाजी आणून आमच्या फाटकाशी बसतात. गौतमी त्यांची नात. आईने औशाच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला होता. फळ्यावर ती न बघता महाराष्ट्र काढायची, कोकणची किनारपट्टीसुद्धा.

"या गुरुवारी नको ना गं. आमच्या सॉफ्टवेअरचं रिलीज आहे."

"बरं."

ते 'बरं' माझ्या ओळखीचं होतं. निषाद झाल्यावर पाच महिने मीही सगळ्याला असंच बरं म्हणत होते. दात घासायचा ब्रश हातात धरून अर्धा अर्धा तास उभी राहत होते. आई औशाहून आली आणि पहिल्याच संध्याकाळी म्हणाली, "हा आळस नाही. ऊठ, डॉक्टरकडे जाऊ." डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बीपीच्या आहेत, असं सासूबाईंना तिनेच सांगितलं. मी बरी झाले, कामावर गेले. ती इथेच राहिली.

गेल्या दिवाळीपासून ती नळ सोडून पाण्याकडे बघत राहायची. पेपर न उघडता रद्दीत टाकायची. एकदा दुपारी चारला फोन केला, तर तिने वेणीसुद्धा घातली नव्हती. ही लक्षणं मला पाठ होती. पण डॉक्टरांनी विश्रांती घ्या म्हटलं असतं, तर निषादला कोण बघणार होतं? मी तिला व्हिटॅमिनच्या गोळ्या आणून दिल्या.

बुधवारी सकाळी अकरा वाजता तिचं हृदय बंद पडलं. निषाद शेजारी ठोकळे रचत होता.

पाचव्या दिवशी धोंडाबाई आल्या, दाराजवळच बसल्या. कल्पनाताई डबा घेऊन आल्या होत्या आणि माझ्याकडे बघायचं टाळत होत्या. माझा नवरा ऋषिकेश येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा तेच सांगत होता. "काही त्रास नव्हता हो आईंना. कुणाला काही कळलंच नाही."

"तरास न्हाई कसा?" धोंडाबाई म्हणाल्या. "बाई रोज बसायच्या की माज्यापाशी. सकाळचं उटूच वाटत न्हाई म्हनायच्या. मी म्हनलं, लेकीला सांगा, शिकलेली हाय. तर म्हनल्या, तिला ठावं हाय, धोंडाबाई. तिच्यामागं लई काम हाय."

ऋषिकेशने माझ्याकडे बघितलं. 'आई आपलं काहीतरी बोलायची, झालं', एवढं मी म्हटलं असतं तरी त्याने मान डोलावली असती. ते वाक्य तोंडाशी आलंही होतं.

"हो," मी म्हणाले. "मला माहीत होतं. दिवाळीपासून माहीत होतं. मला घरात माणूस हवं होतं, म्हणून मी गप्प राहिले."