आण्णांची हंगेरी

"सगळ्यांत उंच डोंगर कोणता?"

"केकेश. एक हजार चवदा मीटर." आण्णांनी भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला आणि डोळे मिटूनच उत्तर दिलं. मग डोळे उघडून हसले. "येवढाच? आपला सिंव्हगड त्येच्याहून तीनशे मीटर उंच हाय. ह्येला काय डोंगार म्हनायचं?"

"आण्णा, तिथं असलं काही बोलू नका हं."

"मी कशाला बोलंन? परक्याच्या दारात जाऊन त्येच्या घराला नावं ठिवायची नसत्यात. आता ह्ये बी तू शिकिवनार व्हय मला?"

आई चुलीपुढून म्हणाली, "शिकिवतीय तर शिका की. मानूस शाळंत गेलं असतं तर आज ही पाळी आली नसती."

ही गोष्ट २००५ सालच्या मार्च महिन्यातली. मी अकरावीला होते आणि सगळ्या जगाला शिकवायला निघाले होते. माझे वडील विश्राम ढमाले, कासार आंबोलीचे. पिरंगुटच्या एका कारखान्यात फिटर. पत्र्याचे भाग दाबून काढणाऱ्या प्रेसवर तेरा वर्षं हात काळे केले, पण हजेरी अजून कंत्राटदाराच्याच वहीत. त्या वर्षी कंपनीनं हंगेरी नावाच्या देशातल्या एका बंद पडलेल्या कारखान्याची प्रेसची अख्खी लाइन विकत घेतली. चार माणसांनी दोन महिने तिकडे जायचं, यंत्र खोलायचं, एकेका भागावर नंबर टाकायचा, पेटाऱ्यांत भरायचं आणि इकडे आणून पुन्हा उभं करायचं. जे चौघं खोलणार तेच ते चालवणार आणि तेच कायम होणार. बाकीचा जुना विभाग बंद. म्हणजे तिकडे जाईल त्याचं भलं आणि राहील त्याचा कारभार आटोपला.

चौघांत आण्णांचं नाव आलं तेव्हा आईनं देवापुढे साखर ठेवली होती.

ऑफिसातल्या मृण्मयी मॅडमनी चौघांना दोन-दोन पानं दिली. अमरावतीच्या होत्या त्या, पिरंगुटलाच खोली घेऊन राहायच्या. पानांवर इंग्रजीत त्या देशाची माहिती होती, भूगोल, इतिहास, अर्थव्यवस्था अशी. "व्हिसाच्या मुलाखतीत काहीही विचारतात काका, वाचून ठेवा," असं म्हणाल्या. बाकी तिघांनी ती पानं घडी घालून खिशात ठेवली. आण्णांनी ती घरी आणून माझ्यापुढे ठेवली, आणि मी पदर खोचून कामाला लागले. दोन पानांची मी बारा पानं केली. कॉलेजच्या ग्रंथालयातून दोन पुस्तकं आणली, कॉलेजातल्या सरांना भंडावून सोडलं आणि सगळं मराठीत उतरवलं. मग पंधरा दिवस रोज जेवताना आण्णांची तोंडी परीक्षा.

देशाला समुद्र नाही, चारी बाजूंनी जमीन. आकारानं महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडा लहान. माणसं एक कोटी. मधून डॅन्यूब नदी जाते आणि राजधानीचे दोन भाग करते, बुडा आणि पेस्ट. पूर्वेला सपाट मैदान, काळी कसदार माती, गहू, मका, सूर्यफूल आणि लाल मिरची. बालाटन नावाचं मोठं तळं, पण उथळ. हे ऐकून आण्णा खूश झाले. मिरची पिकवतात म्हणजे माणसं आपल्यासारखीच असणार, असं त्यांनी ठरवून टाकलं.

इतिहास मात्र त्यांच्या घशाखाली उतरेना. तातार आले, गावं जाळून गेले. मग तुर्क दीडशे वर्षं बसले. मग ऑस्ट्रियाचा राजा. पहिल्या महायुद्धात हरले आणि १९२० साली तह झाला. त्या तहात देशाचा तीनात दोन हिस्से मुलूख शेजाऱ्यांना गेला.

"लढाईत?"

"नाही, लढाई संपल्यावर. कागदावर सही घेतली."

"सही केली आन गेला?"

"हो."

आण्णांनी हातातला घास ताटात ठेवला. चार वर्षांपूर्वी आमचं खालचं वावर असंच गेलं होतं. पौडला एका टेबलावर त्यांनी सही केली आणि तिथून परस्पर बांधावर जाऊन अंधार पडेपर्यंत बसले. मला ते ठाऊक होतं. तरी मी पुढचा प्रश्न विचारलाच, कारण माझा धडा पुरा व्हायचा होता. त्या वयात आपल्याला किती थोडं दिसतं!

"अर्थव्यवस्था सांगा."

"आदी समदे कारखाने सरकारी. एकोननव्वदनंतर राज्य बदललं. लई कारखाने बंद पडले. आता भायेरच्या कंपन्या येत्यात, मोटारी करत्यात." मग त्यांनीच मला विचारलं, "बंद पडले म्हंजी तितल्या कामगारांचं काय झालं?"

"ते यात नाही लिहिलेलं."

"मंग काय कामाची तुजी माहिती?" ते म्हणाले आणि हात धुवायला उठले.

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या गावात सोयरीक जुळवायला निघालं की आण्णांना गाडीत पुढं बसवत. त्यांचा हातखंडाच होता. मुलीकडच्यांच्या ओसरीवर टेकले की ते आपल्या मुलाबद्दल चकार शब्द काढायचे नाहीत. आधी त्यांच्या गावाचं कौतुक. विहीर काय गोड पाण्याची, माती काय काळी, देऊळ काय राखलंय. ते खरं असायचं, कारण आण्णा वाटेत चौकशी करून ठेवत. समोरचा माणूस सैल झाला की मग तोच विचारायचा, तुमच्याकडं कसं काय? "आपलं घर आपून सांगायचं नसतं," ते म्हणायचे, "समोरच्यानं ईचारून काडायचं असतं." या रीतीनं त्यांनी कितीतरी लग्नं जुळवली.

मुंबईच्या वकिलातीतल्या मुलाखतीआधी मृण्मयी मॅडमनी सगळ्यांना सातबारा आणायला सांगितला. गावी जमीनजुमला आहे हे दिसलं तर बरं, म्हणाल्या. आमच्या नावावर काही उरलं नव्हतं. राहतं घर थोरल्या चुलत्यांच्या नावावर. पेटीत एक जुना उतारा होता, विक्रीच्या आधीचा, त्यावर आण्णांचं नाव ठसठशीत होतं. कंत्राटदाराचा माणूस म्हणाला, "द्या की तोच लावून. मुंबईत कोन तपासतंय?"

आण्णा म्हणाले, "इकलेली म्हस आपल्या दावनीला बांधून दाखवायची व्हय? न्हाई जमायचं." आणि त्यांनी रेशनकार्ड लावलं.

मला तेव्हा त्यांचा फार अभिमान वाटला होता. आजही वाटतो, पण आता त्याच्यासोबत दुसरंही काही वाटतं.

मुंबईला जायच्या दिवशी त्यांनी सोयरिकीचे पांढरे कपडे घातले, टोपी घातली. कंपनीची गाडी पहाटेच आली. बाकीचे तिघं, वाल्मीककाका, कुशाबा आणि नरहरी, आधीच आत बसले होते. गाडी निघेपर्यंत मी खिडकीशी उभी राहून विचारत होते, "मोंगल की तातार?" आणि आण्णा आतून ओरडले, "तातार, तातार! जा आता कालिजात."

आठवड्यानं पासपोर्ट परत आले. तिघांच्यावर व्हिसाचा कागद होता. आण्णांच्यावर नव्हता.

"वय बसलं न्हाई," आण्णा म्हणाले. एवढंच. टोपी काढून खुंटीला लावली आणि हातपाय धुवायला गेले.

मी भडकले. कुशाबा तर त्यांच्याहून थोराड दिसत होते! "त्येच्या कागदावर कमी लागलंय," आण्णा म्हणाले. मग मी मृण्मयी मॅडमना दोषी धरलं. वयाची अट आधी बघायला नको? पंधरा दिवस माणसाला नादी लावलं! मी त्यांना एक चांगलं झणझणीत पत्र लिहिलं आणि वाल्मीककाकांच्या हाती धाडलं. त्याचं उत्तर आलं नाही. पुढे पिरंगुटच्या बसथांब्यावर त्या दिसल्या की मी मान फिरवायची. एकदा त्यांनी "सायली ना तू?" म्हणून हात वर केला होता. मी सरळ बसमध्ये चढले.

तिघं जाऊन आले. पेटारे आले, यंत्र उभं राहिलं, नारळ फुटला. दिवाळीनंतर जुना विभाग बंद झाला आणि कंत्राटदारानं आण्णांचा गेटपास मागून घेतला. शेहेचाळीसाव्या वर्षी त्यांनी कारखाने पालथे घातले. पिरंगुटला, भूगावला, पार नांद्यापर्यंत. सगळीकडे पोरं हवी होती. शेवटी आंबोलीच्या बंगल्यांवर पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायला लागले. बंगलेवाले शनिवारी येतात, शनिवारी नळाला पाणी नसलं की आण्णांना हाक. एरवी पाच दिवस घरी. सोयरिकीला त्यांना कुणी नेईनासं झालं. कंत्राटीतून निघालेला माणूस पुढं बसवून कोण मुलगी मागायला जाणार? ते त्यांना फार लागलं होतं. वर्षभरात केस पांढरे झाले. आई उगाचच भांडी आदळायची.

मी बी. कॉम. झाले, हिंजवडीला एका ऑफिसात लागले. २०१० च्या मे महिन्यात वाल्मीककाकांच्या मुलीचं लग्न होतं, पौडला. आण्णा आले नाहीत, मोटारीचं काम निघालं म्हणाले. जेवणं झाल्यावर काका माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसले. कायम झालेला माणूस, अंगावर नवा सफारी, आणि डोळे भरलेले.

"तुजा बाप आला न्हाई गं. आज त्यो आला असता तर बरं झालं असतं. त्येच्या हक्काचं खातोय आमी."

"वयाला काय करणार, काका."

"कसलं वय?"

मी त्यांच्याकडे बघत राहिले. काकांनी जीभ चावली. मग त्यांना राहवलं नाही.

"आमा चौघास्नी यकदमच आत घेतलं. गोरा सायेब आन मराठी बोलनारी मॅडम. मला ईचारलं, परत येनार का? मी म्हनलं, शेत हाय, चार म्हशी हायेत, न्हाई येऊन सांगतो कुनाला? झालं. कुशाबाचं तसंच, नरहरीचं तसंच. मंग तुज्या बापाला ईचारलं, आमच्या देशाचं काय म्हायती हाय? आन विश्राम जो सुटला! नदी, मैदान, तळं, तुर्क, समदं. आमी तोंड वासून बगतोय. तुमची माती लई ग्वाड, म्हनला. एवढं सोसून बी मानसं उबी हायेत म्हनला. असल्या मुलकात मानसानं जलम काडावा, म्हनला."

"असं म्हणाले?"

"सोयरिकीत बोलतो तसं गं. मॅडमनं सायबाला सांगितलं. सायबानं पेन खाली ठिवलं. ईचारलं, जमीन? इकली. घर? भावाचं. नोकरी? कंत्राटी. मंग आमच्याकडनं परत कशाला येशीला? तर विश्राम म्हनला, माजी पोरगी हाय. तिनंच शिकिवलंय मला ह्ये समदं."

काकांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "सायेब हासला. वाईट न्हवता मानूस. पर लिवायचं ते लिवलं त्यानं. भायेर आल्यावर त्या मराठी मॅडमनं आमाला सांगितलं, ह्यो तिकडंच ऱ्हाईल आसं वाटलं त्येंना. येताना खोपोलीला विश्रामनं गाडी थांबिवली. मंग आमाला शपत घातली, सायलीला कळू द्यायचं न्हाई. तुजं ते पत्र बी त्येनंच वाचलं आन फाडलं. हापिसातल्या मॅडमला दिऊच दिलं न्हाई."

मांडवात सनई वाजत होती आणि माझ्या ताटातल्या जिलबीवर माशी बसली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तसं मी पाच वर्षं केलं होतं. त्या बाईंनी हात वर केला होता, मी मान फिरवली होती. पण ते नंतरचं. त्या क्षणी एवढंच कळत होतं की मी ती बारा पानं लिहिली नसती, तर माझा बाप त्या खोलीत चार शब्द बोलून गप्प बसला असता.

मी पौडहून रिक्षा केली ती थेट बंगल्यांवर. आण्णा एका बंगल्यामागं गुडघ्यावर बसून मोटार खोलत होते. शर्ट पाठीला चिकटला होता. माझी भरजरी साडी बघून म्हणाले, "अगं, तितं वंगाण हाय, लांब ऱ्हा."

"वाल्मीककाका भेटले."

पाना थांबला. "त्यो लई बोलतो."

"तुम्ही म्हणालात वय बसलं नाही."

"न्हवतंच बसलं."

"आण्णा, मी तुम्हाला ते शिकवलं नसतं तर…"

"गप!" एवढ्या जोरात ते माझ्यावर कधी ओरडले नव्हते. बंगल्याचा कुत्राही उठून उभा राहिला. मग त्यांनी मनगटानं कपाळ पुसलं आणि आवाज खाली आणला. "सायबाफुडं पुस्तक हुतं. मी बोलंन तसं त्यो पान उलटून बगत हुता. यक बी चुकलं न्हाई. मॅडम म्हनली, हितं बसून मला सा वर्सं झाली, येवढं कुनी सांगितलं न्हाई." ते मोटारीकडे बघत बोलत होते. "माज्या पोरीनं शिकिवलेलं हुतं त्ये. त्याला नावं ठिवायची न्हाईत. तू बी न्हाई."

मला रडू आवरेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"हिकडं ये. ह्यो पाईप धर जरा, येकट्याला जमंना."

मी साडीसकट खाली बसले आणि पाईप धरला. माझ्या हातांत पाईप हलायला लागला. आण्णांनी आपला डावा पंजा माझ्या हातांवर ठेवून तो दाबून धरला आणि उजव्या हातानं नट आवळत राहिले.