टोचतं

मधुरिमानं ब्लेडचं टोक शिवणीखाली सरकवलं आणि कॉलरच्या आतलं लेबल उसवून काढलं. उरलेले धागे नखानं चिमटून उपटले. मग शर्ट उलटा करून तो स्वतःच्या मानेवर, गालावर, कोपराच्या आतल्या बाजूला घासून बघितला. कुठे काही लागलं नाही. तरी तिची खात्री पटेना. तिच्या कातडीला काय कळतंय? कातडी देवांशची हवी.

देवांश सात वर्षांचा होता आणि कपड्यांशी त्याचं उभं वैर होतं. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, लाडावलाय. डॉक्टरांनी ऑटिझम सांगितला होता आणि समजावलं होतं, की आपल्या अंगावर कापड आहे हे आपण विसरून जातो, याला ते दिवसभर ओरबाडत राहतं. हेच शाळेला सांगायला मधुरिमा इतक्यांदा गेली होती, की तिथला शिपाई आता न विचारताच तिच्यापुढे पाणी आणून ठेवायचा. पाणी मिळालं, बाकी काही मिळालं नाही. वर्षभर देवांशला त्याच्या जुन्या करड्या टी-शर्टमध्ये वर्गात बसू दिलं, ती मेहेरबानीच. मग इतर पालक कुरकुरायला लागले, की त्याला सूट तर आमच्या मुलांना का नाही. सुट्टी लागायच्या दिवशी प्राचार्याबाईंनी तिला बोलावून घेतलं आणि गोड आवाजात निकाल सांगितला.

"नियम तो सबके लिए एक है, मम्मीजी. स्कूल खुलते ही पूरी यूनिफॉर्म. नहीं तो आप कोई दूसरा स्कूल देख लीजिए."

दुसरं स्कूल! जणू ते भाजीवाल्याकडे मिळतं. जुन्या इंदूरपासून विजय नगरपर्यंत सगळ्यांचे उंबरे झिजवून झाल्यावर ही एक शाळा हो म्हणाली होती. ही सुटली, की देवांश कायमचा घरात.

म्हणून सगळी सुट्टी मधुरिमा त्या शर्टाच्या मागे लागली. भिजव, पीळ, धोपट, वाळव, पुन्हा भिजव. शेवटी तो तिनं आपल्या उशीवर चढवला आणि त्यावर झोपायला लागली. तिच्या नवऱ्यानं, परेशनं, पहिल्या दिवशी विचारलं हे काय, नंतर विचारणं सोडून दिलं.

शाळा सोमवारी उघडणार होती. रविवारी संध्याकाळी तिनं तो शर्ट देवांशच्या अंगात घातला आणि श्वास रोखून खाटेच्या कडेवर बसली. देवांश नेहमीसारखा भिंतीवरून बोट फिरवत अंगणात चालू लागला. एक फेरी झाली. दुसरी झाली. ती ज्या शब्दाची धास्ती घेऊन बसली होती तो शब्द काही आला नाही.

तो शब्द म्हणजे ‘टोचतं’. देवांश बोलायचा तो सगळा उसना माल. ‘भूक लागली का’ विचारलं, की तोही म्हणायचा, ‘भूक लागली का’. हा एकच शब्द त्यानं स्वतः कमावलेला होता आणि तो निघाला होता आजोबांच्या मिशीवर. आजोबा म्हणजे नानासाहेब, महूच्या छावणीतून हवालदार म्हणून रिटायर झालेले. पूर्वज होळकरांच्या घोडदळात होते, हे विचारणाऱ्याला आणि न विचारणाऱ्यालाही सांगायचे, आणि मिशी त्या सांगण्याला शोभेल अशीच होती. गेल्या वर्षी त्यांनी नातवाचा पापा घेतला आणि देवांशनं त्यांचं तोंड दोन्ही हातांनी लोटून स्पष्ट म्हटलं, "टोचतं." घरादाराला वेड लागायचं बाकी राहिलं. नानासाहेबांनी अख्ख्या गल्लीत जिलबी वाटली.

तेव्हापासून रोज संध्याकाळी तो खेळच झाला. नानासाहेब मिशी पुढे करायचे, देवांश म्हणायचा, "टोचतं," आणि ते दोन्ही हात वर करून मागे सरायचे.

"पलटन, पीछे हट!"

देवांश हसायचा. एरवी तो कधी हसत नसे.

त्या रविवारीही खेळ झाला. मग नानासाहेबांनी शर्टाची बाही दोन बोटांत धरून बघितली.

"उद्या हाच घालणार? अगं, पोछा झालाय याचा."

"मऊच हवा ना, नाना. बघा ना, कसा आरामात फिरला."

"ते ठीक आहे बेटा, पण लोक आधीच बोट दाखवतात आपल्या पोराकडे."

मधुरिमा हसली. आज तिला कुणाचंच काही लागणार नव्हतं. देवांशच्या अंगातला शर्ट काढून तिनं दोरीवर टाकला आणि त्याला जेवायला घेऊन आत गेली. कित्येक महिन्यांत अशी निवांत झोप तिला लागली नव्हती.

सकाळी दोरी रिकामी होती. शर्ट नानासाहेबांच्या खोलीत, हँगरवर होता. पांढराफेक, पापडासारखा ताठ, बाहीवरची घडी अशी की बोट कापावं. खाली स्टोव्हवर पातेली होती, आणि तिच्या कडेला साबुदाण्याच्या खळीची साय सुकली होती.

"कलफ लावला," नानासाहेब म्हणाले. पहाटेपासून इस्त्री करून त्यांचा चेहरा घामानं निथळत होता, आणि आनंदानं. "आम्ही परेडला असाच लावायचो. आता बघ, एकदम अफसर दिसेल. कोणाची हिंमत आहे बोट दाखवायची?"

मधुरिमानं कॉलर चाचपून बघितली. ओरडावं तरी कोणावर? म्हाताऱ्यानं जीव ओतला होता त्या शर्टात, तिनं ओतला होता तसाच. धुवावा, तर ओलं कापड देवांशला अजिबात चालत नसे. टी-शर्टवर देवांशला पाठवावं, तर फाटकातूनच परत. बाहेर परेशनं स्कूटर सुरू केली आणि हॉर्न दिला.

तिनं शर्ट हँगरवरून काढला. देवांशचा एक हात बाहीत घातला, मग दुसरा.

"टोचतं," देवांश म्हणाला.

"हो राजा. आजच्या दिवस फक्त."

"टोचतं. टोचतं. टोचतं."

ज्या शब्दासाठी जिलबी वाटली होती तोच शब्द. तो हात झाडायला लागला, तशी ती नानासाहेबांकडे न बघता म्हणाली, "नाना, हात धरा जरा त्याचे." नानासाहेबांचा चेहरा उतरला होता. आपण काय करून बसलो हे त्यांना आता कळलं होतं. पण त्यांनी हात धरले. तिनं गळ्यापर्यंतची सगळी बटणं लावली.

दिवसभर तिनं फोन ओट्यावर, समोरच ठेवला. आता येईल, मग येईल, घेऊन जा म्हणतील. फोन आला नाही. नानासाहेबांनी पातेली घासून पालथी घातली आणि दुपारी जेवले नाहीत.

शाळा सुटली तेव्हा फाटकाशी वर्गशिक्षिका शोभना मॅडम स्वतः देवांशचा हात धरून उभ्या होत्या. बाई मनानं वाईट नव्हत्या. मधुरिमाला बघून त्यांचा चेहरा फुलला.

"आज तो कमाल हो गया, मम्मीजी! पहले थोड़ा रोया, टोचतं टोचतं करता रहा. मैंने प्यार से समझाया, बोलो बेटा, नहीं चुभता. जब बोला तब गाल थपथपाया, शाबाश. बस, फिर पूरा दिन चुप. हिला तक नहीं. प्रिंसिपल मैडम भी देखकर गईं, बोलीं, अब कोई दिक्कत नहीं."

"थँक यू, मॅडम," मधुरिमा म्हणाली. खरोखर आभार मानावेत असंच तिला वाटलं होतं, आणि त्याची शरम तिला रिक्षात बसल्यावर वाटली.

घरी आल्यावर तिनं हळूहळू एकेक बटण काढलं. कॉलर बसत होती तिथं गळ्याभोवती लाल पट्टा उठला होता, आणि मानेच्या मागे सोलून पाणी आलं होतं. काखेतही तेच. ती खोबरेल घेऊन आली. सोललेल्या जागी बोट लावलं, तरी देवांश जागचा हलला नाही.

"टोचतं का रे, देवू?"

देवांश समोरच्या भिंतीकडे बघत होता.

"टोचतं ना? सांग मला. टोचतं?"

तिचा शब्द तो परत देईल, निदान उसना तरी देईल, म्हणून ती थांबली. त्यानं दिला नाही.

नानासाहेब दारात उभे होते. ते आत आले, गुडघे धरत जमिनीवर बसले आणि रोजच्यासारखी मिशी पुढे करून त्यांनी ती नातवाच्या गालावर टेकवली. मग चांगली दाबून घासली. देवांशनं हात उचलले नाहीत. नानासाहेब तसेच वाकून राहिले, मागे सरायला हात तयार ठेवून.

"नहीं चुभता," देवांश म्हणाला. "शाबाश."

आणि त्यानं आपल्याच हातानं आपल्या गालावर थोपटलं.